सगळ्या देशाचें एकच तिकीट

उट्रेख्त हें हॉलंडांतील मोठें रेल्वे-जंक्शन. देशाच्या चारी बाजूंनीं येणाऱ्या गाड्या येथें एकमेकींस भेटतात. सकाळच्या वेळीं या स्थानकांत उभ्या राहिलेल्या परक्या माणसाचें लक्ष प्रथम वेधून घेतो तो एक बारीक, चिमणीच्या चिवचिवीसारखा नाद. घाईघाईनें चाललेला प्रत्येक जण फाटकापाशीं येतो, खिशांतलें पाकीट काढून एका वाटोळ्या खुणेवर क्षणभर टेकवितो, नाद होतो, फाटक उघडतें आणि माणूस चालूं लागतो. कोणी तिकीट मागत नाहीं, कोणी दाखवीत नाहीं. सुट्या पैशांवरून हुज्जत नाहीं, खिडकीपुढें रांग नाहीं. पाकिटांत जें एक प्लास्टिकचें कार्ड आहे, त्याच्याच बळावर हा मनुष्य पुढें आम्स्टरडॅमच्या ट्राममध्यें बसेल, रॉटरडॅमच्या भुयारी गाडींतून जाईल, आणि संध्याकाळीं उत्तरेकडील एखाद्या खेड्याच्या बसमधून घरापाशीं उतरेल.

परका प्रवासीहि मग तसलेंच एक कार्ड विकत घेतो, त्यांत पैसे भरतो, आणि भोवतालच्या लोकांचें पाहून तें टेकवून गाडींत बसतो. उतरण्याचें स्थानक लहान असतें. तेथें फाटक नसतें. फलाटाच्या टोकाला नुसता एक खांब असतो, आणि त्यावर तीच वाटोळी खूण. पाऊस पडत असतो, छत्री सांवरीत प्रवासी बाहेर पडतो. रात्रीं तो कार्डांतील शिल्लक पाहतो, तों पांच-सहा युरोंच्या प्रवासाला वीस युरो गेलेले! खिसा तर कोणीं कापलेला नसतो. चढतांना जसें कार्ड दाखविलें तसें तें उतरतांनाहि दाखवावें लागतें, आणि न दाखविल्यास आगाऊ धरून ठेवलेली रक्कम परत मिळत नाहीं, हा या कार्डाचा पहिला नियम त्यास ठाऊक नसतो. सर्व देशाला एक कार्ड, ही कल्पना ऐकण्यास सोपी आहे. ती कोणाच्या सोयीसाठीं निघाली आणि तिचा भार कोणावर पडला, हें पाहूं लागलें म्हणजे मात्र गोष्ट बरीच गुंतागुंतीची होते.

गंमत अशी, कीं सर्व देशभर चालणारें एक तिकीट हॉलंडांत या कार्डापूर्वींहि होतें. १९८० पासून तेथें 'स्ट्रिपेनकार्ट' या नांवाचें कागदी तिकीट चालत असे. स्ट्रिपेनकार्ट म्हणजे पट्ट्यांचें तिकीट. लांबट, अरुंद असा एक कागद. त्यावर एकाखालीं एक आडव्या पट्ट्या छापलेल्या आणि त्यांना अनुक्रमांक दिलेले. सगळ्या देशाचे लहान लहान विभाग पाडलेले होते. जितक्या विभागांतून प्रवास, तितक्या पट्ट्या आणि वर चढण्याची म्हणून एक, असा हिशेब. दोन विभागांतून जाणाऱ्यास तीन पट्ट्या लागत. प्रवासी तिसरी पट्टी वर येईल अशी तिकिटाची घडी घाली आणि बसच्या चालकापुढें धरी. चालक तीवर शिक्का मारी. ट्रामगाड्यांत आणि भुयारी स्थानकांवर पिवळीं यंत्रें असत. त्यांच्या फटींत घडी घातलेलें तिकीट स्वतःच सरकवावयाचें, कीं आंतून 'खट्' असा आवाज येई आणि शिक्का उमटे. शिक्क्यांत विभागाचा आंकडा, तारीख आणि वेळ असे. तीन विभागांपर्यंतच्या प्रवासास एक तासाची मुदत. त्या तासांत बस सोडून ट्राम पकडा, ट्राम सोडून भुयारी गाडींत शिरा, कोणी हरकत घेत नसे. नवराबायको मिळून एकाच तिकिटावर जात. तिकिटावर दोन शिक्के मारले म्हणजे झालें. हीं तिकिटें टपाल-कचेरींत मिळत, तंबाखूच्या दुकानांत मिळत, आणि चालकापाशीं घेण्यापेक्षां तेथें तीं स्वस्त पडत. रेल्वेचें तिकीट तेवढें निराळें होतें.

परदेशी पाहुण्यांना पट्ट्यांचा हा हिशेब आणि ती घडी कांहीं केल्या साधत नसे. दोन विभागांना तीन पट्ट्या कां, याचें उत्तर देतां देतां चालकांचे कंठ सुकून जात. परंतु डच गृहिणीला आणि शाळकरी मुलाला तें अंगवळणीं पडलेलें होतें. मग तें बदललें कां?

याचें कारण प्रवाशाच्या खिशांत नसून कंपन्यांच्या वह्यांत होतें. पट्ट्यांचें तिकीट एकदां विकलें गेलें, म्हणजे तें कोणाच्या गाडींत वापरलें जाईल हें विकणाऱ्यास कळण्यास मार्ग नव्हता. हेग शहरांतल्या तंबाखूवाल्यापासून घेतलेल्या पंधरा पट्ट्यांपैकीं तीन हेगच्या ट्राममध्यें, चार आम्स्टरडॅमांत आणि उरलेल्या झीलंड प्रांताच्या एखाद्या बसमध्यें संपत. पैसे मात्र सारे एका पेटींत जमा होत. या पेटीची वांटणी कशी करावयाची? त्यासाठीं गाड्यांतून प्रवाशांची नमुनादाखल पाहणी करीत, कोण कोठें चढतो, कोठें उतरतो हें विचारीत, आणि त्या अंदाजावरून प्रत्येक कंपनीचा वांटा ठरवीत. जोंवर बहुतेक कंपन्या सरकारी अनुदानावर चालत होत्या, तोंवर हा अंदाज खपून गेला. एकत्र कुटुंबांत कोणीं किती खाल्लें याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. परंतु २००१ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यानें प्रांतोप्रांतींच्या बसगाड्यांचे मक्ते लिलावानें देण्याची पद्धति सुरू झाली. आतां एकत्र कुटुंब मोडलें. मक्ता घेणाऱ्या कंपनीला आपल्या गाडींत नक्की किती माणसें किती अंतर बसलीं हें हवें होतें, आणि तेंहि अंदाजानें नव्हे, मोजून.

त्याच वर्षीं, २००१ सालीं, पांच वाहतूक-संस्थांनीं मिळून 'ट्रान्स लिंक सिस्टिम्स' नांवाची एक मंडळी स्थापन केली. देशाची मुख्य रेल्वे-कंपनी, आम्स्टरडॅम, रॉटरडॅम व हेग या तीन शहरांच्या वाहतूक-संस्था, आणि कॉनेक्शन ही मोठी बस-कंपनी, असे हे पांच भागीदार. त्यांच्यापुढें आदर्श होता हाँगकाँगच्या 'ऑक्टोपस' कार्डाचा. तें १९९७ पासून चालू होतें आणि उत्तम चालत होतें. परंतु हाँगकाँग हें एक शहर. महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनहि लहान असला तरी हॉलंड हा सबंध देश आहे. त्यांत गांवें, खेडीं, बेटें, निरनिराळे प्रांत आणि त्यांचे निरनिराळे भाड्याचे दर आहेत. एका शहरांतला प्रयोग एका देशावर पसरणें हें काम किती वेळ खाईल याचा अंदाज आरंभीं कोणालाच आला नाहीं. २००५ सालीं रॉटरडॅमच्या भुयारी रेल्वेंत नवें कार्ड प्रथम दिसलें. पट्ट्यांचें तिकीट देशांतून पूर्णपणें बाद झालें तें २०११ च्या नोव्हेंबरांत, आणि रेल्वेचें जुनें कागदी तिकीट गेलें २०१४ च्या जुलैंत. या कार्डाचें नांव 'ओ-व्ही-चिपकार्ट'. त्यांतील पहिलीं दोन अक्षरें सार्वजनिक वाहतुकीसाठीं असलेल्या डच शब्दांचीं आद्याक्षरें आहेत.

आतां हें कार्ड कसें काम करतें तें पाहिलें पाहिजे. प्लास्टिकच्या दोन पदरांमध्यें बारीक तारेचे कांहीं वेढे असतात, आणि त्या वेढ्यांच्या टोकांस सिलिकॉनची एक इवलीशी चकती जोडलेली असते. तीच चिप. कार्डांत विजेची बॅटरी नाहीं. मग चकतीला वीज मिळते कोठून? फाटकावरील त्या वाटोळ्या खुणेच्या आड दुसरें एक वेटोळें असतें. त्यांतून सतत उलटसुलट वाहणारा प्रवाह भोवतालीं चुंबकक्षेत्र निर्माण करीत असतो. कार्ड त्या क्षेत्रांत आलें कीं त्याच्या तारेंत आपोआप वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं जो शोध लावला, तोच हा. कारखान्यांतल्या जनित्राला जो नियम लागू, तोच या कार्डालाहि. उत्तर देण्याची कार्डाची रीतहि मनोरंजक आहे. तें स्वतः कांहींच प्रक्षेपित करीत नाहीं. आपल्या वेढ्यांवरील भार तें झपाझप कमीजास्त करतें, आणि यंत्राला तो फरक जाणवतो. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईला खालचा पोहरा भरला कीं रिकामा, हें दोरीवरूनच हाताला कळतें. तसेंच हें आहे. या सगळ्या संवादाला अर्धा सेकंदहि लागत नाहीं.

रेडिओ ऐकणाऱ्यांना यांतील एक गोष्ट विशेष कौतुकाची वाटेल. यंत्रांतील प्रवाह सेकंदाला १ कोटि ३५ लाख ६० हजार वेळां मागेंपुढें होतो. त्याची लहरलांबी सुमारें २२ मीटर भरते. म्हणजे लघुलहरींवर दूरदेशींचीं केंद्रें शोधीत बसणाऱ्या श्रोत्याच्या रेडिओवर जो २२ मीटरांचा पट्टा असतो, त्याच्या अगदीं शेजारीं ही जागा येते. फरक एवढाच, कीं तेथील आवाज समुद्र ओलांडून येतो आणि कार्डाचें बोलणें चार बोटांपलीकडे ऐकूं जात नाहीं. तें तसें जाऊं नये, अशीच योजना आहे. नाहीं तर शेजारून जाणाऱ्याच्या पाकिटांतून भाडें कापलें जावयाचें.

चढतांना कार्ड टेकविलें कीं यंत्र त्यावर स्थळ आणि वेळ लिहितें आणि कांहीं रक्कम आगाऊ धरून ठेवतें. बस, ट्राम व भुयारी गाडीसाठीं ही रक्कम चार युरो असे, रेल्वेसाठीं सामान्यतः वीस. उतरतांना पुन्हां टेकविलें कीं दोन ठिकाणांमधील अंतर कोष्टकांतून काढून खरें भाडें ठरतें आणि उरलेले पैसे कार्डावर परत लिहिले जातात. बस-ट्रामच्या भाड्याचे दोन भाग असतात : चढण्याचा म्हणून एक युरोच्या आसपास ठराविक आकार, आणि पुढें दर किलोमीटरमागें कांहीं सेंट. एक गाडी सोडून पस्तीस मिनिटांच्या आंत दुसरी पकडली, तर चढण्याचा आकार पुन्हां पडत नाहीं. पट्ट्यांच्या तिकिटांतली ती जास्तीची एक पट्टी येथें वेष पालटून पुन्हां आलेली आहे, हें चाणाक्ष वाचकाच्या लक्षांत येईलच.

पैसे कार्डांतच ठेवण्याचें कारण होतें. २००५ च्या सुमारास खेड्यांतून धांवणाऱ्या बसचा मुख्य कचेरीशीं क्षणोक्षणीं संपर्क राहील अशी खात्री देणें कठीण होतें. तेव्हां कार्डानेंच आपली खातेवही बरोबर बाळगावी, बसमधील यंत्रानें तींत नोंद करावी आणि रात्रीं डेपोंत परतल्यावर दिवसभराच्या नोंदी मुख्य कचेरीला कळवाव्या, असें ठरलें. या नोंदी ट्रान्स लिंककडे गोळा होत आणि कोणत्या कंपनीला किती द्यावयाचें तें तेथें ठरे. ज्या वांटणीसाठीं पूर्वीं माणसें पाठवून नमुनादाखल पाहणी करावी लागे, ती आतां प्रत्येक प्रवासी स्वतःच्या हातानें, चढतां-उतरतां, न कळत करूं लागला. विद्यार्थ्यांची गोष्ट पाहिली म्हणजे ही बाब स्वच्छ दिसते. डच सरकार विद्यार्थ्यांना ठराविक दिवशीं मोफत प्रवास देतें. पूर्वीं त्यांनीं नुसतें ओळखपत्र दाखविलें तरी पुरे होई. मोफत प्रवास करणाऱ्यापासून भाडें तर घ्यावयाचें नाहीं. तरीहि नव्या पद्धतींत त्यांनाहि चढतांना व उतरतांना कार्ड टेकविण्याचें बंधन आलें. कारण सरकारनें दिलेल्या पैशांतला वांटा कंपन्यांना मोजून हवा होता.

तेव्हां उतरतांना कार्ड न टेकविणारा प्रवासी म्हणजे हिशेब अर्धा सोडणारा कारकून. परंतु कारकुनाला निदान पगार मिळतो! घाईंत गाडी पकडणारा, कडेवर मूल असलेली आई, वृद्ध मनुष्य, यांच्या हातून ही चूक होणें साहजिक होतें, आणि ती होतहि असे. परतावा मागण्याची सोय पुढें झाली. संकेतस्थळावर जाऊन अर्ज केला म्हणजे पैसे मिळूं लागले. पण दोन युरोंसाठीं अर्ज करीत बसण्यापेक्षां लोक तें सोडून देत, आणि हे सोडलेले पैसे कंपन्यांच्या पदरीं पडत. यावर डच वर्तमानपत्रांतून आणि पार्लमेंटांतून वर्षानुवर्षें वाद चालला.

रेल्वेचा आणखी एक घोळ. देशाचे मुख्य लोहमार्ग एका कंपनीकडे, पण पुष्कळ लहान मार्ग लिलावानें इतर कंपन्यांकडे गेलेले. त्यामुळें एकाच स्थानकावर, कित्येकदां एकाच फलाटावर, दोन कंपन्यांचे दोन निराळ्या रंगांचे खांब उभे राहिले. पहिल्या कंपनीची गाडी सोडून दुसरीच्या गाडींत बसावयाचें, तर आधीं पहिलीच्या खांबावर 'उतरलों' असें सांगावयाचें आणि मग दुसरीच्या खांबावर 'चढलों' असें सांगावयाचें. मधें दोन मिनिटेंच असलीं तरी दोन्ही नमस्कार चुकतां कामा नयेत. चुकीच्या खांबापुढें कार्ड धरलें तर हिशेब आणखीच बिघडे. कार्ड एक झालें, तरी कंपन्या एक झाल्या नव्हत्या. आणि त्यांच्यामधील फट भरून काढण्याचें काम प्रवाशाच्या पायांना आणि स्मरणशक्तीला करावें लागलें. शिवाय कोरें कार्ड घेण्यासच साडेसात युरो पडत, आणि रेल्वेसाठीं त्यांत वीस युरो शिल्लक असल्यावांचून गाडींत बसतां येत नसे. क्वचित् प्रवास करणाऱ्या गरिबाला जवळच्या गांवीं जाण्यासाठीं आधीं एवढी रक्कम अडकवून ठेवावी लागे, याची दखल योजना आंखणाऱ्यांनीं फारशी घेतलेली दिसत नाहीं. एकवेळचें तिकीट मिळे, पण त्यावर एक युरो जादा आकार होता.

याहून मोठा हादरा निराळ्याच बाजूनें बसला. कार्डांत पैसे ठेवावयाचे म्हणजे त्याला कुलूप हवें. तें कुलूप फिलिप्स कंपनीनें बनविलेल्या आणि पुढें तिच्यांतून निघालेल्या एन्एक्स्पी कंपनीनें विकलेल्या 'मायफेअर क्लासिक' नांवाच्या चिपमध्यें होतें. लंडन शहराच्या 'ऑइस्टर' कार्डांतहि तीच चिप होती. या कुलपाची रचना कंपनीनें कोणासहि सांगितली नव्हती. किल्लीला ४८ द्विमान अंक होते. म्हणजे सुमारें २८१ लाख कोटि निरनिराळ्या किल्ल्या संभवत. एकेक लावून पाहूं गेल्यास जन्म पुरणार नाहीं असें वाटावें. परंतु २००७ च्या डिसेंबरांत बर्लिन येथील एका मेळाव्यांत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनीं एक चमत्कारिक काम करून दाखविलें. त्यांनीं चिपचा पृष्ठभाग थराथरानें घांसून काढला होता, प्रत्येक थराचें सूक्ष्मदर्शकांतून छायाचित्र घेतलें होतें आणि त्या चित्रांवरून कुलपाच्या आंतील रचनेचा बराचसा आराखडा काढला होता. पुढल्याच मार्चांत हॉलंडांतील नायमेखन येथील राडबाउड विद्यापीठांत बार्ट याकोब्स यांच्या गटानें उरलेलें कोडें सोडविलें. आंतील रचना कळल्यावर सर्व किल्ल्या लावून पाहण्याची गरजच उरली नाहीं. कार्ड आणि यंत्र यांचें बोलणें ऐकून थोड्या वेळांत किल्ली हातीं येई. मग कार्डाची नक्कल करणें किंवा रिकाम्या कार्डांत घरबसल्या पैसे लिहिणें अशक्य राहिलें नाहीं.

येथें एक जुनी आठवण देण्यासारखी आहे. हॉलंडांतच, लिंबुर्ख प्रांतांतील न्यूट या गांवीं, १८३५ सालीं ओग्यूस्त केर्कहॉफ्स नांवाचे एक भाषापंडित जन्मले. पुढें ते पॅरिसमध्यें अध्यापक झाले. १८८३ सालीं सैन्यांतील गुप्तलिपीवर लिहितांना त्यांनीं असा सिद्धांत मांडला, कीं गुप्तलिपीची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्तता किल्लींत असावी, कुलपाच्या रचनेंत नव्हे. वाड्याचें दार कोठें आहे हें गांवाला ठाऊक असतें. चोर अडतो तो अडसरामुळें. त्यांच्याच जन्मभूमींत सव्वाशें वर्षांनंतर दार लपवून ठेवण्यावर भिस्त ठेवली गेली.

विद्यापीठानें आपला शोध सरकारला आणि कंपनीला आधीं कळविला, आणि कांहीं महिन्यांनंतर तो शास्त्रीय परिषदेंत वाचण्याचें ठरविलें. कंपनीनें कोर्टांत धांव घेऊन प्रकाशनास मनाई मागितली. २००८ च्या जुलैंत आर्नहेम येथील कोर्टानें ती नाकारली. न्यायाधीशांच्या निकालाचा मथितार्थ असा, कीं समाजाला अशा उणिवांची माहिती मिळणें महत्त्वाचें आहे, आणि कंपनीचें नुकसान झालेंच तर तें उणीव सांगितल्यामुळें नसून उणीव असलेली चिप बनवून विकल्यामुळें आहे. तो निबंध त्याच वर्षीं ऑक्टोबरांत स्पेनमधील मालागा येथें वाचला गेला. डच सरकारनें लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयांतील तज्ज्ञांचा सल्ला घेतला. चिप बदलण्याची तयारी आतांच सुरू करावी, असा त्यांचा अभिप्राय पडला. तरीहि कार्डाचा प्रसार थांबला नाहीं. कोट्यवधि युरो खर्ची पडले होते, फाटकें उभीं राहिलीं होतीं. मुख्य कचेरींत रोज नोंदी ताडून पाहून संशयास्पद कार्डें बंद करण्याचा बंदोबस्त झाला, आणि २०११ पासून निराळ्या, अधिक मजबूत चिपचीं कार्डें येऊं लागलीं. लोकांनीं ज्या वस्तूवर विश्वासून पैसे ठेवले, तिच्यांतला दोष सांगण्याचा अधिकार संशोधकाला असावा कीं नाहीं, या प्रश्नाचा निकाल एका बसच्या तिकिटावरून लागला, हें कायदा शिकणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कुलपाचा प्रश्न मिटला तरी वहीचा उरलाच. कार्डें दोन प्रकारचीं होतीं. पिवळ्या कार्डावर मालकाचें नांव, जन्मतारीख आणि छायाचित्र असे. सवलतीचे पास त्यावरच मिळत, आणि हरवल्यास तें बंद करून शिल्लक वांचवितां येई. निळें कार्ड निनांवी. तें रोख पैशासारखें, हरवलें तर हरवलें. पट्ट्यांचें तिकीट मात्र सर्वांनाच निनांवी होतें. कोण मनुष्य कोणत्या मंगळवारीं कोणत्या गांवीं गेला, हें त्या काळीं त्याच्या शेजाऱ्यालाहि समजण्याचें कारण नव्हतें. आतां सवलत हवी असेल तर नांव द्यावें लागे, आणि नांव दिलें कीं प्रत्येक फेरीची नोंद त्या नांवावर चढे. निळ्या कार्डालाहि क्रमांक होताच. बँकेच्या खात्यांतून त्यांत एकदां पैसे भरले कीं तो क्रमांक कोणाचा हें कळण्यास वाट मोकळी झाली. २०१० सालीं खासगी माहितीचें रक्षण करणाऱ्या डच सरकारी मंडळास तपासांत आढळलें, कीं विद्यार्थ्यांच्या प्रवासाच्या नोंदी कांहीं ठिकाणीं कायद्यानें ठरलेल्याहून अधिक काळ बाळगल्या जात आहेत. ज्यांच्यापासून भाड्याची पैहि घ्यावयाची नव्हती, त्यांच्याच नोंदींवरून ही तक्रार उठावी, यांत मोठा विरोधाभास आहे. वांटणीपुरता हिशेब हवा होता, तर अमुक गाडींत अमुक इतके विद्यार्थी बसले एवढेंच पुरेसें होतें; कोणता विद्यार्थी, हें विचारण्याचें कारण नव्हतें. पण यंत्राला एकदां विचारण्याची सोय झाली म्हणजे कोणता प्रश्न जरुरीचा आणि कोणता नाहीं, हा विवेक माणसालाच ठेवावा लागतो.

२०२३ च्या आरंभापासून हॉलंडांतील सर्व बस, ट्राम, भुयारी गाड्या आणि रेल्वेंत बँकेचें साधें कार्ड किंवा मोबाइल फोन टेकवूनहि प्रवास करतां येऊं लागला. आतां गाड्यांचा मुख्य कचेरीशीं सतत संपर्क असतो. म्हणून कार्डांत पैसे ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. यंत्र नुसता क्रमांक वाचतें, दिवसभराच्या फेऱ्या मध्यवर्ती ठिकाणीं जुळविल्या जातात आणि भाडें मागाहून खात्यांतून वळतें होतें. वीस युरो आधीं अडकविण्याची अट यामुळें बँकेचें कार्ड बाळगणाऱ्यापुरती सुटली. जुनें ओ-व्ही-चिपकार्ट टप्प्याटप्प्यानें मागें घेण्याचें ठरलें असून ज्यांना बँकेचें कार्ड वापरावयाचें नाहीं त्यांच्यासाठीं 'ओ-व्ही-पास' हें नवें कार्ड निघालें आहे.

हिंदुस्थानांत ४ मार्च २०१९ रोजीं अहमदाबाद येथें ज्या राष्ट्रीय प्रवास-कार्डाचें उद्घाटन झालें, त्यानें प्रथमपासूनच बँकेची वाट धरली. तें रुपे पद्धतीचें कार्ड बँकांकडून मिळतें, आणि त्याच्या चिपमध्यें प्रवासापुरती दोन हजार रुपयांपर्यंत रक्कम निराळी ठेवतां येते. म्हणजे संपर्क नसतांनाहि फाटक उघडावें, ही जुन्या डच कार्डाची युक्ति त्यांत आहेच. मुंबई व पुणें येथील मेट्रोंत तें चालतें. पुण्याच्या मेट्रोंत भरलेल्या रकमेंतून मुंबईच्या मेट्रोचें भाडें गेलें, तर तो पैसा कोणीं कोणाला पोंचवावयाचा, हा प्रश्न तेथें बँकांच्या जाळ्यानें सोडविला आहे. हॉलंडांत त्यासाठीं एक स्वतंत्र मंडळी काढावी लागली होती.

उट्रेख्तच्या फाटकापाशीं आतां कोणी कार्ड टेकवितो, कोणी फोन, कोणी मनगटावरील घड्याळ. उतरतांना पुन्हां टेकविण्याचा नियम मात्र तसाच आहे; आणि लहान स्थानकांच्या फलाटांवर, पावसांत, तो खांबहि.